बाबांसाठीची फाटकी चटई

ऑकलंड, रविवार

प्रिय आई,

तुला आणि आत्याला सेमिसीचा नमस्कार. मी पोटभर जेवतो, काळजी करू नकोस. आत्याचा गुडघा कसा आहे?

काल शूटिंगमध्ये माझ्या सिनेमातल्या बापाची अंत्ययात्रा होती. तू पाठवलेली फाटकी चटई आपल्या रीतीप्रमाणे कमरेला गुंडाळून उभा राहिलो, तर कपडेवाली बाई म्हणते, "हे काय पोतेरं? तू हिरो आहेस!" आणि तिने मला नवीकोरी, झालरीची चटई बांधली. अगं, बाप गेला की मुलाने फाटकी गुंडाळायची, चांगली नेसायचा मान आत्याचा, हे आपल्या टोंगात शेंबड्या पोरालाही कळतं! दिग्दर्शकाला सांगितलं, तर म्हणाला, "दिसतंय छान. कोणाला कळतंय?" असं डोकं फिरलं म्हणून सांगू!

पण निघून आलो नाही, आई. तीच बांधून दिवसभर रडलो. बाबा गेले तेव्हाही शूटिंग सोडून आलो नव्हतो, कालही सोडलं नाही.

हा सिनेमा आत्याला दाखवू नकोस.

आता खोलीवर फाटकी गुंडाळून बसलोय. इथे बघायला कोणी नाही.

तुझाच,
सेमिसी