टाकीत ओतलेली बाटली

मंगळवार, संध्याकाळ

आज गॅरेजमध्ये मेकॅनिकनं विचारलं, "डिझेलमध्ये कोणी काही ओतलं होतं का? धुराच्या फिल्टरमध्ये अडकलेली काजळी जळून जाते, ही राख जात नाही. फिल्टर बदलावाच लागेल."

इंजिन साफ ठेवणाऱ्या ॲडिटिव्हची बाटली दर महिन्याला मीच टाकीत ओतत होतो. असा फिल्टर असलेल्या गाडीला ती चालते का, हे न वाचताच.

तेवढ्यात अप्पा मला म्हणाले, "माझंच चुकलं बाळा. मी गाडी निगडीपर्यंतच नेतो, तीही हळू. ती नीट तापतच नाही, म्हणून फिल्टर तुंबला असणार." तरी मी गप्प!

घरी येऊन त्यांनी किल्ली माझ्या हातात दिली. "आता बसनंच जात जाईन."

तेव्हा कुठे बाटलीचं सांगितलं. अप्पा रागावले नाहीत. "मग तिथं का नाही बोललास?"

काय सांगणार? कंपनीत इंजिनिअर म्हणवतो. मेकॅनिकसमोर अडाणी ठरायचं नव्हतं, एवढंच.