पेंढ्यातल्या नासपती

वेनाची, वॉशिंग्टन
१२ ऑक्टोबर २०२४

ती. बाबांस,
शि. सा. न. वि. वि.

तुम्ही फोन घेत नाही आणि दादा दर वेळी बाबा झोपलेत म्हणून सांगतो. दिवसाढवळ्या इतकं झोपणारे तुम्ही नव्हे, म्हणून हे पत्र.

आई गेल्यापासून तुम्ही माझ्याकडे कायमचं राहावं, हा माझा हट्ट. त्यासाठी आलात आणि महिनाभरात ओहायोतल्या डब्लिनला दादाकडे निघूनही गेलात. आता म्हणे पुण्याच्या फ्लॅटवर एकटे राहणार.

आमच्या या खोऱ्यात सफरचंदाची दारू, म्हणजे सायडर, सगळेच करतात, नासपतीची पेरी माझ्यासारखे मोजके लोक. पेरीची नासपती दगडासारखी टणक आणि तुरट. ती खायची नसते. जुन्या झाडाचं फळ तर पडल्या पडल्या दळून रस काढावा लागतो. मी आणि शिव रेडमंडला त्याच्या ऑफिसच्या कामाला गेलो आणि नेमकं तेव्हा ते वेळेआधी पडलं. तुम्हाला वाटलं, कच्चं आहे. कोठारात पेंढा पसरून हापूसची घालतात तशी आढी घातलीत. आम्ही परतलो तेव्हा फळ वरून सोनेरी आणि आतून काळं. मला रडू आवरलं नाही, ते तुम्ही पाहिलंत आणि दुसऱ्या दिवशी बॅग भरलीत.

परत या. राग नाही. माया होती तशीच असू द्यावी.

तुमची
आश्लेषा


डब्लिन, ओहायो
२१ ऑक्टोबर २०२४

चि. सौ. आश्लेषा हिस
अनेक उत्तम आशीर्वाद.

मी झोपलो नव्हतो. परीक्षितला खोटं बोलायला मीच लावलं. बिचाऱ्याला तेही धड जमत नाही.

रत्नागिरीत आंबा पिकवण्यात माझं लहानपण गेलं. वाटलं, तुम्ही याल तेव्हा लेकीला सरप्राइज देऊ. करायला गेलो गणपती आणि झाला मारुती. पण मला खातंय ते वेगळंच. तुझा हा धंदा मला कधी पटला नाही, हे तू जाणतेस. इथल्या मंडळात मी मुलीचा फळांच्या रसाचा व्यवसाय आहे म्हणून सांगतो. मग म्हाताऱ्याने मुद्दाम नासवलं, असं तुझ्या मनात आलं असेल तर? त्या विचाराने फोन उचलायचा धीर होत नाही.

जावईबापूंना आशीर्वाद. पुणंच बरं. तिथे माझ्या हातून कुणाचं नुकसान व्हायचं नाही. ममता कमी होऊ देऊ नये.

तुझा
बाबा


वेनाची
३ नोव्हेंबर २०२४

ती. बाबांस,
सा. न. वि. वि.

मुद्दाम नासवणारा माणूस एकेक फळ पुसून, एकमेकाला लागणार नाही असं मांडत बसत नाही. पेंढा उपसताना मी ते पाहिलं, आणि रडू जास्त त्याचं आलं.

नुकसान झालं नाही असं म्हणणार नाही. जुन्या झाडाची पेरी यंदा नाही, गिऱ्हाइकांना तसं कळवलं. त्यांनी ऐकून घेतलं. तुम्ही नाही हे मात्र मला ऐकून घेता येत नाही. शिव म्हणाला, बाबांना सांग, तिकीट कॅन्सल करा, मी एअरपोर्टला ड्राइव्ह करून येतो, ते नसले की घर बोअर होतं यार.

मार्चमध्ये जुन्या झाडाची कलमं लावणार आहे. पेरीच्या झाडाला भरघोस फळ धरायला वीस वीस वर्षं जातात. लावायला तुम्ही यावं. मला मदतीला माणूस नकोय, बाबा. तुम्ही हवे आहात.

वाट पाहते. तब्येतीला जपावं.

तुमची
आश्लेषा


डब्लिन
१४ नोव्हेंबर २०२४

चि. सौ. आश्लेषा हिस
अ. उ. आ.

पुण्याचं तिकीट रद्द केलं. परीक्षितचा चेहरा केवढा उजळला. मी पाहिलं नाही असं दाखवलं. मंडळात काल मुलगी नासपतीची दारू करते म्हणून सांगून टाकलं. दोघांनी लगेच पत्ता मागितला.

नाताळच्या आधी येतो. बूट तिथेच राहिलेत, ते कुणाला देऊ नकोस.

कलमांचं म्हणशील, तर मी सत्त्याहत्तरचा. त्यांचं फळ मला दिसायचं नाही, हे तुलाही ठाऊक आहे. तरी मी येईपर्यंत खड्डे खणू नकोस.

तुझा
बाबा