अलोणे नवरात्र

बाई, तुम्हाला जाऊन इतका काळ लोटला की तुमचा आवाज मला आता मुद्दाम आठवावा लागतो. परंतु तीन दिवसांपूर्वी, सप्तमीच्या आरतीला, तो न बोलावता आला, आणि माझ्या जिभेवर आलेली शास्त्रवचने तशीच राहिली.

मनोरुग्णांची शुश्रूषा तुम्ही मला शिकवली. माझा जन्म पोथ्यांच्या घरातला. नर्सिंगच्या वसतिगृहातही मी पहाटेचे पारायण सोडले नव्हते, आणि त्यावर तुम्ही कधी हसला नाहीत. एकदाच बोललात. बायकांच्या वॉर्डात उमरेडकडची, हातमागाच्या घरातली एक स्त्री होती. देवीने मला अन्न वर्ज्य केले आहे, असे म्हणून ती ताट भिंतीकडे सरकवून देई. मी तिच्यापुढे उभी राहून, देवी भक्ताला उपाशी कशी ठेवणार नाही, हे वचनांसह सप्रमाण सिद्ध केले. तुम्ही दारातून ऐकत होतात. "वाद तं जिंकला वं तू," तुम्ही म्हणालात, "पण थे जेवली काय?" ताट भिंतीपाशीच होते, वरणावर साय धरली होती. "काहून भांडून राहिली तिच्या देवीशी? देवीले हरवशील, तं तिच्यापाशी राहीन कोण?" मग वेताचा मोढा ओढून तुम्ही तिच्याजवळ बसता, अगदी समोर नव्हे, जरा तिरप्या, दाराची वाट मोकळी ठेवून. देवी बोलते की नाही, यावर तुम्ही अवाक्षर काढत नाही. "लय भेव वाटते ना?" एवढेच विचारता, आणि ती स्त्री रडू लागते. त्या दिवशी ती जेवली नाही. दुसऱ्या दिवशी तुमच्या हातून दोन घास घेतले.

भ्रमाला होकार देऊ नये आणि त्याच्याशी वादही घालू नये, त्याच्या तळाशी जी भीती असते तिच्याशी बोलावे, हे मी तेव्हा शिकले. दुसरा नियम तुम्ही अधिक कठोरपणे सांगायचात: रुग्णाशी खोटे बोलायचे नाही, त्याच्या हितासाठीसुद्धा नाही, कारण ज्याचा स्वतःच्या मनावरचा विश्वास उडाला आहे त्याला निदान आपल्या शब्दावर तरी विसंबता आले पाहिजे. मी परीक्षा उत्तीर्ण झाले तेव्हा तुम्ही तो मोढाच मला देऊन टाकलात. "घे. उभ्या उभ्या ज्ञान नको सांगत जाऊ." तो आजही मनीषनगरच्या या घरात, देवघराच्या बाजूला आहे.

माझा मुलगा मिहानमधल्या एका कंपनीत नोकरीला आहे. काही वर्षांपूर्वी त्याची झोप उडाली, बोलणे थांबेना, आपल्याला मोठे कार्य नेमून दिले आहे असे तो सांगू लागला. आणि पुढे तोच मुलगा महिनोन् महिने अंथरुणातून उठेना. आयुष्यभर इतरांच्या मुलांना ज्या आजाराचे औषध दिले, त्याचे नाव माझ्या घरात आले. लिथियमच्या गोळ्यांनी तो सावरला. कामावर जाऊ लागला, सुनेशी थट्टा करू लागला. यंदा घटस्थापनेला माझ्याशेजारी पाटावर बसला आणि म्हणाला, "आई, मीबी तुह्यासारखंच करतो. देवीनं मले परत आणलं." मी दर नवरात्रात अलोणे व्रत करते; नऊ दिवस मिठाचा कणही घेत नाही, सैंधवसुद्धा नाही. त्याने तर रोज संध्याकाळच्या आरतीपर्यंत पाणीही वर्ज्य केले. बाई, माझे डोळे भरून आले. माझ्यातली आई आणि उपासिका तृप्त होत्या. परिचारिका त्या दिवशी जागी नव्हती.

सप्तमीला आरतीचे तबक त्याच्या हाती होते. प्रथम निरांजने किणकिणली. मग ज्योती हलू लागल्या आणि तेल तबकात सांडले. मान खाली, दोन्ही हात थरथरत आहेत, आणि शब्द जिभेवर जड होत आहेत. शेजारच्या काकूंनी हात जोडले. "देवी आली वं अंगात! हात नका लावू कोणी त्याले, कुंकू आणा!" सून माझ्या कानाशी येऊन म्हणाली, "आई, पुन्हा थेच सुरू होऊन राहिलं का? सकाळपासून दोनदा उलटी झाली. पित्त आहे म्हणत होते." मी तबक काढून घेतले. तो भिंतीचा आधार घेत दोन पावले चालला, पाय रुंद टाकत, जणू जमीन हलते आहे.

"गोळ्या घेतो ना, बाबू?"

"रोज, आई. एकबी नाही चुकवली." हे त्याने अभिमानाने सांगितले.

तिथेच मला कळले. न देवी आली होती, न आजार परतला होता. शरीरातले मीठ आणि पाणी घटले की मूत्रपिंडे ते औषध बाहेर टाकेनाशी होतात. ते साचत जाते, आणि ज्याने मन सावरले तेच विष होऊन बसते. रात्रीची गोळी जेवणाबरोबर ठरलेली होती. सुनेला म्हटले, "आजची गोळी द्यायची नाही. गाडी काढ." पण तो देवघराची चौकट धरून उभा. "उद्या अष्टमी आहे. होम झाला की जाऊ. संकल्प मोडला तं थे दिवस परत येतीन, आई. मी नाही येत." सुनेने दंड धरला, त्याने झिडकारला.

वचने माझ्या जिभेवर आयती होती. आपद्धर्म, देहरक्षण, सारे काही. तोंड उघडणार, तोच तुमचा प्रश्न ऐकू आला: थे जेवली काय? मी मोढा ओढला. तिरपी बसले, बाहेरची वाट मोकळी सोडून. तो खाली पाटावर टेकला.

"भेव वाटते, बाबू?"

"लय. अंथरुणात पडलो होतो ना, थे आठवते."

"संकल्प मोडायचा नाही," मी म्हणाले. "मले दे. आजाऱ्याचं व्रत घरच्या माणसानं पुढं चालवावं, अशी शास्त्रात सोय आहे."

त्याने मान वर केली. "खरंच आहे का? का मले फसवून राहिली?"

"आहे. तुह्या डोळ्यात पाहून सांगतो."

पळीभर पाणी त्याच्या हातावर घातले. ते त्याने माझ्या ओंजळीत सोडायचे होते. हात इतका कापत होता की निम्मे फरशीवर सांडले, तरी उरलेले माझ्यापर्यंत पोहोचले. काकू म्हणाल्या, "या वयात दोघायचं व्रत झेपन का तुमाले?" मी म्हटले, "माह्या गोळ्या वेगळ्या आहेत." तेवढ्यावर सून रडता रडता हसली, आणि तो उठला.

इस्पितळात डॉक्टरांनी काही विचारण्याआधीच मी सांगितले: लिथियम चालू, मीठ बंद, पाणी नाही. रक्त घेतले, सलाईन लावले. अर्धवट झोपेत बाटलीकडे पाहत तो म्हणाला, "आई, याच्यात मीठ असते ना?"

"असते."

"मग व्रत?"

"थे आता तुह्यापाशी कुठं आहे?"

त्याने डोळे मिटले. "लय पक्की आहे तू," म्हणाला. सकाळ होईपर्यंत मी त्याच्या हाताच्या कंपाकडे पाहत राहिले. तो थांबेल की नाही, हे मला ठाऊक नव्हते. तीस वर्षे वॉर्डात काढलेल्या परिचारिकेलाही ते ठाऊक नसते.

आज दशमी. त्याची जीभ मोकळी झाली आहे, पाण्याचा पेला धरताना बोटे किंचित हलतात. औषधाचे प्रमाण पुन्हा बसवायचे आहे, उपवास कायमचे वर्ज्य. दुपारी त्याने इस्पितळातले वरण चाखले आणि "अळणी आहे" म्हणून कुरकुर केली. घरी येऊन मी दोघांच्या व्रताचे पारणे केले आणि तुमच्या मोढ्यावर बसून हे लिहिते आहे. हे कागद पोथीच्या रुमालात बांधून ठेवीन. त्यात एक गोष्ट अशी आहे, जी मी देवघरातही उच्चारू शकले नाही आणि जी ऐकून तुम्ही मला वॉर्डाबाहेर काढले असते. त्याने विचारले तेव्हा मी खरे तेच सांगितले. ती सोय शास्त्रात आहे. पण बाई, ती नसती, तरीही मी त्याच्या डोळ्यांत पाहून 'आहे' असेच म्हणाले असते.