बूट पुसणारा गायक

रविवार, ४ मार्च

आज भाऊजींनी माझ्या घरात, माझ्या खुर्चीत बसून, माझाच चहा पीत मला ‘नखऱ्यांची भक्त’ म्हटलं!

विषय तोच. हॅटवाला. आमच्या रविवारच्या मंडळात माणसं पाच, आणि त्या जुन्या, अमेरिकन ‘स्विंग’ म्हणजे नाचरं जाझ गाणाऱ्या गायकावर जीव पाचही जणांचा. पण आज त्याच्या एका कार्यक्रमाची फिल्म लावली आणि फूट पडली. पठ्ठ्या दुसऱ्या कडव्याच्या मध्यावर गाणं सोडतो, खिशातून रुमाल काढतो, वाकून बूट पुसतो. मागे ट्रम्पेटवाले गाल फुगवून फुंकतायत. आणि हा उभा राहतो तो बरोब्बर समेवर! मी टाळीच वाजवली.

भाऊजी भडकले. “वहिनी, हा गायक आहे की पॉलिशवाला? एवढा गळा मिळालाय तर गावं माणसानं! त्याच्या स्टुडिओतल्या रेकॉर्डी ऐका. डोळे मिटून.”

“डोळे मिटायला हे आहेत की आमचे,” मी म्हटलं.

हे वादात तटस्थ राहिले. म्हणजे घोरत होते.

मंगळवार, ६ मार्च

औषधांच्या दुकानात दुपारी कुणी गिऱ्हाईक नव्हतं. काउंटरमागे गुणगुणत, वाकून बूट पुसून पाहिला. ताल गेला, कमरेत चमक आली. स्वतःच्याच दुकानातलं मलम लावलं.

आता तर खात्रीच पटली — कला आहे ती!

रविवार, ११ मार्च

मंडळ भाऊजींकडे. माणूस घड्याळं दुरुस्त करतो, त्यामुळे बोलणंही किल्ली दिल्यासारखं, थांबत नाही. रेकॉर्ड इतक्या मोठ्यानं लावली की जाऊबाई आतून ओरडली, “अहो, भिंतींना तडे जातील!” भाऊजींनी ढिम्म ऐकलं नाही.

मग छातीवर हात ठेवून म्हणाले, “नुसता श्वास ऐकवा. हजारात ओळखीन.”

हजारात? बघतेच!

बुधवार, १४ मार्च

समोरच्या सलूनवाल्याला कटात घेतलं. मंडळातलाच आहे. हॅटवाल्याची नक्कल करतो, तीही गिऱ्हाईकाच्या गळ्यावर वस्तरा असताना. दुपारी सलूनला कुलूप लावून, आतल्या मोरीत उभं राहून गायला. आवाज घुमतो म्हणे तिथे. मोबाईलवर बँडचं नुसतं संगीत, आणि मी बादलीवर बसून रेकॉर्डिंग करतेय. या वयात!

दुसऱ्या ओळीला त्याला शिंक आली. खच्चून. “परत घेऊ या?” म्हणाला. म्हटलं, राहू दे. शिंकेवर पकडलं तर पकडलं, तेवढी संधी द्यायला हवी शत्रूला.

रविवार, १८ मार्च

जिंकले! जिंकले! जिंकले!

“दुर्मीळ रेकॉर्डिंग मिळालंय,” असं सांगून लावलं. भाऊजी डोळे मिटून बसले. शिंक आली. जाऊबाईनं पदर तोंडात कोंबला. हेसुद्धा जागे झाले. आणि भाऊजी? मान डोलावतायत! “हा गळा! ही फेक! हजारात एक.”

मग सलूनवाला उठला आणि तीच ओळ सगळ्यांसमोर गायला. शिंकेसकट.

काय हसलो! माझ्या डोळ्यांतून पाणी. भाऊजी एकेकाच्या तोंडाकडे बघत होते. चिडतील असं वाटलं होतं, मी उत्तरंही तयार ठेवली होती. ते उठले. चपला घातल्या आणि गेले. जाऊबाई मागून धावली.

सोमवार, १९ मार्च

जाऊबाईचा फोन. कालपासून जेवले नाहीत. दुकानही उघडलं नाही. “एवढं काय झालं हो ताई? थट्टाच तर होती,” म्हणाली. पण आवाज रडवेला होता.

एवढं काय लावून घ्यायचं? मला तीस वर्षं चिडवतात ते चालतं!

बुधवार, २१ मार्च

फोन केला. “भाऊजी, रागावलात?” तर म्हणाले, “हो हो, इकडे पाऊस नाही.” आणि ठेवला.

टोमणा असावा. पण कळला नाही.

हे म्हणाले, “जाऊन माफी माग.” मी म्हटलं, मी? चुकलं कुणाचं, माझं की त्यांच्या कानांचं?

शनिवार, २४ मार्च

भाऊजी दुकानात आले. गिऱ्हाईक जाईपर्यंत बाजूला उभे राहिले. मग चिठ्ठी पुढे केली. डॉक्टरची. कानाच्या नव्या मशीनचे सेल हवे होते.

“कान जाऊन दोन वर्षं झाली, वहिनी. घड्याळ कानाला लावतो ते नुसतं लोकांना दाखवायला. टिकटिक येतेच कुठे? काट्यांकडे बघून भागवतो. ती गाणी तेवढी पाठ होती… म्हणून ऐकू आल्यासारखी वाटायची.” मग इकडे-तिकडे पाहून, “हिला एवढ्यात सांगू नका.”

सेल शोधायला मला फार वेळ लागला. तिसऱ्याच खणात होते.

“चुकलं माझं,” मी पाठमोरीच म्हणाले. मग लक्षात आलं. वळले, त्यांच्यासमोर उभी राहिले आणि पुन्हा म्हणाले — सावकाश, ओठ दिसतील असं.