शिंगल पडला

पण आप्पा, ‘शिंगल’ हा शब्द तिला मिळाला कुठून? चार दिवस हेच डोक्यात फिरतंय. ती म्हणजे आपल्या कवठे येमाईकडची गायिका. आता जर्मनीत राहते, स्वतः गाणी लिहिते आणि तिकडच्या लोकांचा बँड घेऊन लाइव्ह गाते. ढोलकी, ट्रम्पेट, बेस गिटार, आणि एकजण आफ्रिकेतलं कसलं तरी तारांचं वाद्य मांडीवर घेऊन बसतो. सगळं एकात एक, पण काय भारी वाजतं! मी कॉलेजपासून तिची फॅन. तिचा लाइव्ह आला की पहिली कमेंट माझी. तुम्ही गेलात तेव्हा मी पाचवीत होते, त्यामुळे तुम्हाला यातलं काहीच माहीत नाही.

तर चार दिवसांपूर्वीच्या लाइव्हमध्ये ती डोळे मिटून गायला लागली, ‘शिंगल पडला, सोड ही वाट, गाडी आली, धर माझा हात.’ हे तर तुमचं गाणं! दौंडला रुळांवर काम करता करता तुम्ही जुळवलेलं, आणि जयंतीला न्हावऱ्यात गायन पार्टीत म्हणायचात ते. दांड्याचे जुने सिग्नल कधीच गेले, तरी तुमच्या रूळ दुरुस्त करणाऱ्या गँगमध्ये ‘शिंगल पडला’ असंच म्हणायचे. म्हणजे गाडी येतेय, हत्यारं उचला, बाजूला व्हा. आणि तिच्या व्हिडिओखाली इंग्रजीत अर्थ काय येतो, माहितीये? ‘मी सिंगल झाले.’ एकटी पडले! समोरचे गोरे लोक डोळे पुसतायत.

आई कांदे निवडत होती, तिला फोन दाखवला.

‘ही बया काय म्हंती?’

‘एकटी पडले म्हणते.’

‘आगं, मग तुझा बाप दिवसातनं इस येळा एकटा पडत व्हता का?’ आई खूप हसली. मग एकदम थांबली. ‘आन् शेवटचं कडवं कुठं हाय? त्येच्यात ह्यांचं नाव हाय की.’

तेच तर. ज्यानं गाणं केलं त्यानं शेवटच्या कडव्यात आपलं नाव घालायचं, ही आपल्याकडची पद्धत. आणि नेमकं तेच कडवं गायब. माझा संशय पक्का झाला. तुमच्या पार्टीतल्या कुणाकडून तरी तिनं उचललं असणार, आणि नाव मुद्दाम उडवलं असणार. मग तिची जुनी गाणीही मी चोर शोधल्यासारखी ऐकायला लागले. मुलाखतीत ती ‘माझ्या मातीतलं’ म्हणाली की वाटायचं, कुणाच्या वावरातली गं ही माती? शेवटी मेसेज टाकला, ‘ताई, हे गाणं कुठून घेतलंत? खरं सांगा.’

उत्तर लगेच आलं. ‘अगं, तूच पाठवलं होतंस ना?’

खाली माझाच जुना मेसेज. तुमच्या आवाजातली क्लिप. तिनं तेव्हा विचारलं होतं, ‘कुणाचं आहे? पुढं अजून आहे का?’ आणि मी लिहिलं होतं, ‘ट्रॅडिशनल आहे. एवढंच आहे.’

मी विसरले होते, आप्पा. निदान स्वतःला तसं सांगतेय. तुमच्या बटणाच्या फोनमधलं ते रेकॉर्डिंग, त्याचं शेवटचं कडवं मीच कापलं. त्यात तुमचं नाव येतं, आणि नावाला जोडून ‘गँगमन’ येतं. इंग्लिश मीडियमच्या गेटवर एकदा मैत्रिणीच्या मम्मीनं विचारलं, पप्पा काय करतात? मी नुसतं ‘रेल्वेत आहेत’ म्हणाले. तुम्ही मागंच उभे होतात, बुटांना खडी चिकटलेली. घरी येताना सायकलवर एवढंच म्हणालात, ‘बराबर हाय की. रेल्वेतच हाय मी.’

आई अजून त्या बाईलाच शिव्या घालतेय आणि मी तिला अजून खरं सांगितलेलं नाही. ताईचा आज परत मेसेज आलाय, ‘कुणाचं गं हे? सांग, पुढच्या वेळी स्टेजवर नाव घेते.’ पूर्ण रेकॉर्डिंग माझ्याकडे आहे, फक्त पाठवायचंय. हे पत्र तर कुठंच जाणार नाही, पण ते कडवं जाईल. तिला आज पाठवू, का आधी आईसमोर बसून सांगू, नाव कुणी कापलं ते? तुम्हाला काय वाटतं, आप्पा?