अस्वलापुरती बंदूक

१४ सप्टेंबर
निर्णय झाला. हिवाळा इथेच, नदीकाठच्या केबिनमध्ये, एकटीने काढणार. ग्रेचेनने अँकरेजहून फोनवर बरंच ऐकवलं. शेवटी करार ठरला: ख्रिसमसपर्यंत निभावलं तर केबिन राहील. मधेच मी "ये, मला ने" म्हटलं तर वसंतात विकायची. मी म्हटलं, मान्य. मुलीशी करार करायची वेळ यावी, हे तिच्या शिक्षणाचं अपयश. शिकवलं मीच.
संरक्षणाची व्यवस्था आधी.
माझा नवरा ओरिन दोन वर्षांपूर्वी नोव्हेंबरात नदीचा बर्फ किती धरलाय ते बघायला गेला. बर्फात भोक सापडलं, तो सापडला नाही. हे इथे लिहायचं कारण नव्हतं. विषय बंदुकांचा आहे.

१९ सप्टेंबर
गावात डेलच्या दुकानात गेले. डेल माझा विद्यार्थी, गणितात कच्चा. सर्वांत मोठी रायफल दाखव म्हटलं. त्याने पॉइंट तीन-पंच्याहत्तरची काढली आणि काउंटरवरून हात न काढता म्हणाला, "बाई, जी तुम्हाला उचलता येते आणि जिचा नेम तुम्हाला धरता येतो, ती घ्या. अस्वलाला आकडे वाचता येत नाहीत."
मी म्हटलं, तुलाही येत नव्हते.
मग त्याने आखूड नळीची बारा बोअर, म्हणजे छऱ्यांची बंदूक, पुढे केली, नाहीतर निदान मिरचीचा फवारा न्या म्हणाला. फवारे डासांवर मारतात. रायफल घेतली. गोळ्या सर्वांत जड. त्याने त्या पिशवीत भरल्या आणि सोबत न मागता खांदा चोळायचं मलम टाकलं. उद्धटपणा तसाच आहे.

२३ सप्टेंबर
पहिला सराव. खांदा जांभळा. नेम उत्तम. डबा पडला नाही, पण संडासाच्या छपराला भोक पडलं. त्यात माझी चूक नाही, संडास डब्याच्या रेषेत बांधलाय. ओरिनचं काम.
संकल्प: रोज सराव.

२४ सप्टेंबर
सराव नाही. खांद्याला विश्रांती देणं हा सरावाचाच भाग आहे.

३ ऑक्टोबर
पुन्हा गावात. बारा बोअर घेतली. डेलचं ऐकून नव्हे. एकाच साधनावर विसंबणं शिस्तीत बसत नाही. भरण्याचा क्रम मी स्वतः ठरवलाय. पहिलं काडतूस बारीक छऱ्यांचं, समज देण्यासाठी. दुसरं स्लगचं, म्हणजे शिशाची एकच जाड गोळी. शाळेतही माझी हीच पद्धत होती.
मेबलला रेडिओवर सांगितलं. मेबल ओरिनची धाकटी बहीण, नदीच्या खालच्या वळणावर एकटीच राहते. ती इतकी हसली की रेडिओ खरखरला. म्हणाली, "वहिनी, छऱ्यांनी अस्वलाला समज मिळेल गं. पण मग ते तुला समजवायला येईल."
अशा माणसांशी वाद घालत नाही.

११ ऑक्टोबर
ओरिनच्या जुन्या, हलक्या पॉइंट बावीस रायफलने दोन रानकोंबड्या पाडल्या. पहिल्याच नेमात. ही बंदूक मात्र मी संरक्षणात धरत नाही. हिच्यात धाक नाही. जेवणापुरती ठीक.
कोंबडी चांगली झाली. दोघांच्या अंदाजाने शिजवली गेली. थंडीत जास्तच लागतं.

२२ ऑक्टोबर
थंडी खरी लागली. मेबल रेडिओवर: "बंदूक पडवीतच ठेव, घरात आणू नकोस. गार लोखंड उबेत आलं की घामतं. तो घाम गोळी उडवणाऱ्या आतल्या पिनेवर जाऊन बसतो आणि सकाळी बाहेर नेलीस की गोठतो. आणि तेल पुसून टाक, थंडीत त्याची खळ होते."
इथे सगळेच तसं करतात. पडवीत, गार भिंतीला टेकवून, कोरडी. मी सगळ्यांसारखी नाही. चाळीस पोरांची शाळा चालवली ती वस्तू उघड्यावर टाकून नव्हे. माझी रायफल रात्री आत येते, पुसली जाते, तेल घातलं जातं, सकाळी पडवीत जाते.
दारं-खिडक्यांबाहेर खिळे वर केलेल्या फळ्या टाकल्या. अस्वलासाठी. दाराची कडी मात्र लावत नाही. वाटसरूसाठी दार उघडं ठेवायची इथली रीत आहे. आमच्या बाजूला वाटसरू येत नाही, पण रीत ती रीत.

६ नोव्हेंबर, पहाट
पावलं. केबिनला एक फेरी, मग लाकडांच्या राशीपाशी थांबली. मग गेली.
अस्वल. या दिवसांत ती गुहेत असतात, पण एखादं म्हातारं, उपाशी, झोप न लागलेलं हिंडत राहतं. गावातली माणसं म्हणतात, अशा अस्वलाच्या अंगावर बर्फाचा थर चढतो, साधी गोळी आत जात नाही. तेव्हा मोठी रायफल घेतली हे बरोबरच झालं. डेलला कळवायला हवं.
रात्रीतल्या पावलांवर वारं फिरलं होतं, ठसे नीट कळले नाहीत.

९ नोव्हेंबर
पुन्हा. या खेपेला नीट ऐकलं. दोन पायांवर चालतं. अस्वलं दोन पायांवर उभी राहू शकतात.

१३ नोव्हेंबर
डावा पाय ओढतं. थोडंसं टेकवतं, मग ओढतं. जखमी अस्वल असणार. जखमी अस्वल जास्त धोकादायक.
ओरिनही डावा पाय ओढायचा. अस्वलालाही ती सवय असू शकते.

१७ नोव्हेंबर
दाराशी चुलीसाठी फोडलेल्या बारीक काटक्यांचा गठ्ठा. नेटका, एका मापाचा. मीच फोडून ठेवला असणार. अलीकडे कामं इतकी आहेत की लक्षात राहत नाही.
खिडकीत कंदील ठेवायला लागले. प्रकाशाला जनावरं बिचकतात. नदीकडच्या खिडकीतच ठेवते, कारण अस्वल नदीकडूनच येतं.

१९ नोव्हेंबर
ग्रेचेनचा फोन. "आई, सगळं ठीक?" ठीक म्हटलं. अस्वलाचं सांगितलं नाही. करारात तसं काही ठरलेलं नाही. तिने विचारलं, रात्री झोप लागते का? म्हटलं, तू लहानपणी अंथरुणात सशाच्या गोष्टी वाचत जागायचीस तेव्हा मी असं विचारत नव्हते, सरळ दिवा विझवायचे.
ती म्हणाली, "बाबा विझवायचे."
फोनची लाइन चांगली नव्हती.

२४ नोव्हेंबर
मेबलला रेडिओवर सहज विचारलं, तुझ्याकडे अस्वल येतं का? ती म्हणाली, "नाही बाई. माझ्याकडे कोण येतंय." आवाज तिचा नेहमीचा नव्हता. घाबरली असणार. तिला धीर दिला, रायफलचा पल्ला सांगितला.
म्हटलं, माणूस तर नसेलच. इथे कुणीही दुसऱ्याच्या केबिनकडे येताना लांबूनच हाक देतो, "घरात कोण आहे?" म्हणून. हाक न देता येतं ते जनावर.
ती म्हणाली, "हो. तसंच."

२९ नोव्हेंबर
रायफल जवळ घेऊन बसायचा सराव. उबेत ती छान चमकते. तेल भरपूर.
दोन कप काढले गेले. एक परत ठेवला. मग पुन्हा काढला, धुवायला.

४ डिसेंबर
आज मुळीच आलं नाही. दिवसभर कान लावून होते. बरं झालं.
झोप लागली नाही.

५ डिसेंबर
आलं नाही. या जातीच्या अस्वलांना वेळेचा काही विधिनिषेध नाही.

८ डिसेंबर, संध्याकाळ
घडलं तसं लिहिते आहे.
उजेड मावळत आला होता. राशीपाशी पावलं वाजली. टेकवून, ओढून. मी पडवीतून रायफल उचलली आणि बाहेर गेले. बर्फाची धूळ उडत होती. टोपीदार कोटातली पाठ वाकून लाकडं फोडत होती. कुऱ्हाड धरायची रीत तीच, डावा कोपर बाहेर.
मी नाव घेतलं.
ते वळलं. टोपीच्या केसाळ काठावर हिमकण, आत चेहरा नाही. फक्त श्वास.
मी चाप ओढला.
टक् असं वाजलं. एवढंच. पुन्हा ओढला. पिन हललीच नाही.
मेबल म्हणाली, "आत आणतेस ना ती अजून?"
ती आत आली, चुलीपुढे बसली, चहा मागून घेतला. दुसरा कप टेबलावरच होता. तो हातांत धरून तिने सांगितलं. ग्रेचेनने तिला गळ घातली होती, रोज आई जिवंत आहे का बघ, पण तिला कळू देऊ नकोस. म्हणून हाक नाही. धूर दिसला की परत फिरायची. लाकडं तिने स्वतःहून फोडली. "तुझी रास बघवत नव्हती गं. दादा होता तेव्हा तुला काटकी फोडावी लागली नाही." मधे दोन दिवस तिला सर्दी होती.
पाय तिचाही ओढतो. वडिलांकडून आलाय, त्यांच्या घरात सगळ्यांचाच. हे मला चाळीस वर्षं ठाऊक आहे.
मी म्हटलं, मला अस्वल वाटलं.
ती म्हणाली, "वहिनी, तू आधी ओरिनचं नाव घेतलंस. मग चाप ओढलास."
मी म्हटलं, जनावर वळल्यावर विचार करायला वेळ नसतो. बंदुकीच्या पुस्तकात स्पष्ट दिलंय.
"वळल्यावर तो नाही हे दिसलं तुला. तेव्हा ओढलास."
मी चहात साखर घातली. तिच्या चहात. ती साखर घेत नाही.
जाताना दारात म्हणाली, "ग्रेचेनला मी सांगणार नाही. माझ्या भावाच्या हातची केबिन आहे, विकलेली मलाही बघवायची नाही." मग रायफलकडे बघून, "एक मात्र आहे, तुझं तेल चांगलं होतं हो. नाहीतर आज तुझी नणंद अस्वल म्हणून गेली असती."
हे विनोदाने म्हणाली. मग तिने रायफलची नळी भिंतीकडे वळवून ठेवली.

९ डिसेंबर
दोन्ही बंदुका रिकाम्या करून तेल पुसलं. काडतुसं वेगळ्या डब्यात. शिस्त.

१० डिसेंबर
मेबल आली. नदीपासूनच हाका मारत, "घरात कोण आहे? नणंद आहे गं, नणंद!" केवढ्याने ओरडत होती. पावलं नंतर ऐकू आली. टेकवून, ओढून. मी दार उघडायला उठले नाही, तीच आत आली.

१३ डिसेंबर
रोज येते. रोज ओरडते. आता नदीकडून पावलं वाजली की ती कुणाची, हे पाऊल पडायच्या आधीच ठाऊक असतं.
दुपारी तिने विचारलं, कंदील का नाही लावलास? म्हटलं, रॉकेल वाया जातं.

१४ डिसेंबर
ग्रेचेनला फोन केला. ये, मला ने म्हटलं. कारण दिलं: बंदुकांना इथली हवा मानवत नाही.
वाटलं होतं हसेल, करार काढेल, ख्रिसमस किती जवळ आलाय ते सांगेल. त्या सगळ्याला उत्तरं तयार ठेवली होती.
ती म्हणाली, "बरं आई. उद्या विमान मिळतंय का बघते."
एकही प्रश्न विचारला नाही.