दुसरं खातं

३ फेब्रुवारी २०२५, सोमवार

खातं गोठवलं! माझं!

शाळेतून आले, चहासुद्धा ठेवला नाही, कॉम्प्युटर लावला तर पडदाभर लाल पट्टी — 'गोदा हे खाते नियम चारच्या भंगाच्या संशयावरून स्थगित.'

नियम चार मला पाठ आहे. एका माणसाचं एकच खातं. एका कॉम्प्युटरवरून दोघं खेळत असतील तर आधी पंचांना कळवायचं. आणि त्या दोन खात्यांनी एकमेकांना धान्य, सैन्य, काही म्हणजे काही पाठवायचं नाही. अडीच वर्षांपूर्वी 'गडकोट' हा ऑनलाइन खेळ खेळायला लागले त्याच दिवशी मी कळवलं होतं — घरात आम्ही दोघं, कॉम्प्युटर एक, माझं खातं गोदा, मिस्टरांचं सरलष्कर. तेव्हापासून ह्यांना मी एक पोतं ज्वारी दिलेली नाही. हसत मागितली, रुसून मागितली. नाही म्हणजे नाही.

आता पंच म्हणतात, शुक्रवारी दुपारी सव्वादोनला गोदाच्या कोठारातून चाळीस हजार पोती सरलष्करकडं गेली. सव्वादोनला मी शाळेच्या ऑफिसात दाखल्यांवर शिक्के मारत होते!

हे झोपलेत. रात्रपाळी आहे. उठू देत.

४ फेब्रुवारी

ह्यांनीच केलं. भाजीकडं बघत कबूल झाले. दुपारी घरी होते, सैन्य उपाशी मरायला लागलं होतं, माझा पासवर्ड कॉम्प्युटरमध्ये सेव्ह होता. "तू आल्यावर सांगणार होतो. विसरलो."

विसरले.

ती पोती माझी नव्हतीच. आमच्या संघात आम्हा दोघांखेरीज चौतीस जण आहेत, प्रमुख मी — फर्दापूरपासून नांदेडपर्यंत. एकाचंही तोंड पाहिलेलं नाही. सगळ्यांनी तीन महिने साठवून माझ्याकडं दिलेलं धान्य होतं ते. या महिन्यात हंगाम संपतो, महागड हा शेवटचा किल्ला ज्या संघाचा आधी उभा राहील तो जिंकला. कुणी कधी काय पाठवायचं ते सगळं माझ्या वहीत आहे. आणि मीच आत जाऊ शकत नाही.

६ फेब्रुवारी, गुरुवार

पंचांचं पत्र आलं. 'दोन्ही खाती एकच व्यक्ती चालवत असल्याची शक्यता अधिक दिसते.' रविवारपर्यंत दोघांनी आपापल्या मेलवरून, आपापल्या शब्दांत खुलासा करायचा.

म्हणजे मी आहे हे मी सिद्ध करायचं! तेहतीस वर्षांची बाई, रोज सकाळी शाळेच्या मशीनवर अंगठा लावते, तरी पंचांच्या हिशेबात मी सुदर्शनरावांचं दुसरं खातं.

लिहिलं. दीड पान लिहिलं. शुक्रवारच्या हजेरीची प्रत जोडली. ह्यांनी धान्य घेतलं असं मात्र लिहिलं नाही. नियमात दुसऱ्याच्या खात्यात शिरून माल काढणाऱ्याला कायमचं बाहेर काढतात. म्हटलं, ते ह्यांनी स्वतः लिहावं. माझ्या हातून नको.

८ फेब्रुवारी

लिहिलं का? लिहितो.

संध्याकाळी परत विचारलं. कंपनीतून लिहितो, तिथं नेट चांगलं आहे म्हणाले.

९ फेब्रुवारी, रविवार

लिहिलं म्हणाले. माफीही मागितली म्हणे. इतकं हलकं वाटलं की वांगी भाजून भरीत केलं, ह्यांना आवडतं तसं, हिरव्या मिरच्या घालून. दोघं पोटभर जेवलो.

११ फेब्रुवारी, मंगळवार

पंचांचं पत्र आलं. जसंच्या तसं उतरवते.

निकाल असा — 'खातेदार सुदर्शन यांनी दोन्ही खाती आपलीच असून गोदा हे खाते पत्नीच्या नावाने काढल्याचे मान्य केले आहे. दुसरे खाते गोदा कायमचे बंद करण्यात येत आहे. मूळ खाते तीन दिवसांनी सुरू होईल. पत्नीच्या नावाने आलेला खुलासा विचारात घेतलेला नाही.'

चार वेळा वाचलं.

ते आंघोळ करून आले, तेव्हा मी खुर्चीतच बसले होते. वाचा म्हटलं. वाचलं नाही, काय लिहिलंय ते माहीतच होतं. म्हणाले, खरं लिहिलं असतं तर सरलष्कर कायमचा गेला असता. दोन्ही माझीच म्हटलं की फक्त दुसरं जातं. नीट विचार करून, नियम वाचून केलंय. इतक्या वर्षांत पहिल्यांदा नियम वाचले आणि ते यासाठी!

मी विचारलं, "मी कोण मग?"

"अगं, खेळ आहे मेघा. नाव कुणाचं का असेना, घरातच राहिलं ना?"

घरातच.

आजपासून या वहीत 'हे' नाही. सुदर्शन.

१४ फेब्रुवारी

सरलष्कर सुरू झाला. संघाच्या गप्पांचं पान उघडं ठेवून सुदर्शन कामावर गेला. मी वाचलं. वाचायला नको होतं.

बातमी सगळ्यांना कळली आहे. कुणी हसतंय — गड्यानं अडीच वर्षं साडी नेसून फिरवलं आपल्याला. कुणी म्हणतंय, काही असो, डोकं चांगलं आहे, हाच प्रमुख राहू दे. आणि वाघूर. फर्दापूरला लेण्यांच्या रस्त्यावर त्याचं छोटं हॉटेल आहे, गिऱ्हाईक नसलं की खेळतो. खरं नाव कचरू. त्यानं लिहिलंय, "मी ताई समजून बोललो. आईच्या डोळ्याचं ऑपरेशन, पोरीचं सासर सुटलेलं, समदं सांगितलं. ते मी एका बाप्याला सांगत होतो व्हय?"

सुदर्शननं खाली एक हसरा चेहरा टाकलाय. बस. हसरा चेहरा.

पोळ्या केल्या नाहीत आज. डोकं दुखतंय म्हटलं. डोकं दुखत नव्हतं.

१५ फेब्रुवारी

एक जुनी गोष्ट आज दिवसभर डोक्यात. मागच्या मे महिन्यात नळ बारा दिवस आला नाही, तेव्हा बिल्डिंगमध्ये टँकरवरून भांडणं जुंपली होती. कुणाच्या टाकीत कधी पाणी, याचा तक्ता मी केला. दोन दिवस बसून केला. भांडणं थांबली. मीटिंगमध्ये नानासाहेबांनी — आमचे चेअरमन — सुदर्शनची पाठ थोपटली. तो हसला. मीही हसले. आपल्याच घरातलं कौतुक, असं मला वाटलं होतं!

आज त्यानं मागणी केली. उद्या संध्याकाळी पाचला संघाचा कॉल आहे, महागडाचा बेत ठरायचाय. मी शेजारी बसायचं, वही घेऊन. तो बोलेल. मी कागदावर लिहून पुढं सरकवायचं. "तुलाच तर सगळं माहितीये. माझ्या खात्यावर खेळ की, मी कुठं नाही म्हणतो?"

मी हो म्हटलं. का म्हटलं, माहीत नाही.

१६ फेब्रुवारी, रविवार

बसले शेजारी. वही मांडीवर. पहिली दहा मिनिटं लिहून देत होते, तो वाचून बोलत होता. माझं वाक्य त्याच्या आवाजात. कुणीतरी म्हणालं, वा गोदाभाऊ!

तेवढ्यात खाली ओरडा झाला — पाणी आलं. आठव्या दिवशी. मी वही घेतली आणि उठले. तो माइकवर हात ठेवून म्हणाला, थांब ना, नंतर भर. नळ काय नंतर थांबतो? मोटर लावली. पिंप, बादल्या, हंडे, सगळं भरत राहिले. वही कमरेला खोचलेली.

स्वयंपाकघरात सगळं ऐकू येत होतं. धान्य कुणाचं आधी येणार, विचारलं. तो म्हणाला, सगळ्यांचं एकदम. कोठारात मावेल का, विचारलं.  नुसता कागद उलटेसुलटे केल्याचा आवाज येत राहिला, आणि मला बादली भरून वाहिल्याचं कळलं नाही.

मग कचरूचा आवाज, अगदी शांत. "साहेब, ताई हायेत का तिथं?"

मी नळ बंद केला.

"असल्या तर त्यास्नी द्या. आमी थांबतो."

सुदर्शन दारात आला. माइक हातात नव्हता, तरी हळूच म्हणाला, तुला बोलावतायत. ओल्या हातानं गेले. काय बोलायचं ठरवलं नव्हतं. वही उघडली आणि पहिल्या नावापासून वाचत गेले — कुणी मंगळवारी, कुणी बुधवारी, किती, कुठल्या वाटेनं. चौतीस नावं.  शेवटी कचरूला विचारलं, आईंची पट्टी निघाली का. तो म्हणाला, निघाली ताई, आता पेपर वाचती.

सुदर्शन गॅलरीत उभा होता. माझ्याकडं पाठ करून.

१९ फेब्रुवारी, बुधवार

संघानं मिळून पंचांना लिहिलं होतं. उत्तर आलं. बंद झालेलं गोदा परत मिळणार नाही. सरलष्करही आता बंद नाही करणार, कारण त्याची शिक्षा भोगून झाली. मला नवं खातं काढता येईल, शून्यापासून. मात्र आमच्या कॉम्प्युटरवर सरलष्कर खेळतोय तोवर त्यावर नाही.

सुदर्शनला वाचून दाखवलं. म्हटलं, तुझं बंद कर. एवढंच कर.

त्यानं पडद्यावर सरलष्कर उघडला. मग म्हणाला, "सात वर्षं झाली मला त्या खात्याला."

आपल्या लग्नाला सहा झाली, हे मी म्हटलं नाही.

२२ फेब्रुवारी, शनिवार. गंगापूर, माहेरी

मॉनिटर चादरीत गुंडाळून जीपमध्ये मांडीवर आणला, बाकीचं पायाशी. आईनं विचारलं, किती दिवस. म्हटलं, आधी प्लग कुठंय ते दाखव.

सोमवारपासून शाळेला इथूनच. पहिली एसटी सव्वासहाची आहे.